बंदूक गेली, नोंद राहिली

"साहेब, बंदूक मी दोन वर्षांमागेच विकली. आता ती माझ्याकडे कुठली असायला?"

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्या टेबलासमोर उभं राहून कोणी ना कोणी हे म्हणायचाच. पोलीस ठाण्यातून त्याला निरोप गेलेला असे, परवान्यावरची बंदूक जमा करा. आणि हा सत्तरीचा बागायतदार सांगे की बंदूक गेली. कोणाकडे? "देवगडाकडचा एक माणूस होता. बोलायला चांगला होता." आडनाव आठवतंय, गाव आठवत नाही. कागद वहीच्या पानावर केला होता, तो पावसात भिजून गेला. परवाना उघडावा, तर बंदूक जागच्या जागी, नंबरासकट त्याच्याच नावावर.

कोकणातल्या एका जिल्ह्याच्या गृह शाखेत मी नऊ वर्षं शस्त्र परवान्यांचं टेबल सांभाळलं. आंबा-काजूच्या बागा, माकडं, रानडुकरं, त्यामुळे शेतीसंरक्षणाचे परवाने ढिगाने. ठासणीच्या, एकनळी, दुनळी, सगळ्या तऱ्हेच्या बंदुका. मुलगा मुंबईला गेला, बाग खंडाने दिली, बंदूक भिंतीवर गंजायला लागली की माणूस ती विकायला काढतो. आणि गिऱ्हाईक बहुधा अनोळखी असतं, कारण ओळखीतल्या ज्याला हवी असते त्याच्याकडे ती आधीच असते. अशा व्यवहारात काय पाहायचं, कुठला कागद कधी करायचा, ते सांगावं म्हणून हा लेख.

जमिनीचं उदाहरण सगळ्यांना कळतं. खरेदीखत झालं, पैसे पोचले, पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर नाव जुन्याचंच राहतं. बंदुकीचंही तसंच. वस्तू एका क्षणात हातातून जाते, नोंद सावकाश जाते, आणि या दोहोंच्या मधला काळ विकणाऱ्याच्या डोक्यावर असतो. फरक एवढाच, की जमीन उठून परजिल्ह्यात जात नाही. बंदूक जाते. तिकडे काही झालं तर पोलीस नंबरावरून मागे मागे येतात आणि शेवटची नोंद ज्याच्या नावावर, त्याच्या अंगणात उभे राहतात.

म्हणून विकणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचं ते किंमत नव्हे, परवाना. आपल्याकडे क्रम असा आहे, आधी परवाना, मग बंदूक. "बंदूक द्या, त्यावर लायसन काढून घेतो" असं कोणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा. शस्त्र कायदा 1959 चा आहे. त्याच्या कलम 29 प्रमाणे, समोरच्याला ते शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे की नाही याची आधी खात्री न करता ते त्याच्या हाती देणं हाच मुळात गुन्हा. पुढे त्याने काही केलं की नाही हा वेगळा प्रश्न. "मला काय माहीत" हे तिथे उत्तर होत नाही, कारण माहीत करून घेणं हेच तर तुमचं काम होतं.

परवाना हातात आला की फोटो पाहून मिटू नका, वाचा. कुठल्या जातीचं शस्त्र घ्यायची मुभा आहे? बारा बोअरची असेल तर त्याला रायफल देता येत नाही. मुदत कधीपर्यंतची? पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा झाला. शस्त्राचा रकाना रिकामा आहे का, की तिथे आधीच एक बंदूक चढलेली आहे? हद्द कुठली, जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत? राष्ट्रीय नोंदणीचा विशिष्ट ओळख क्रमांक त्यावर आहे का? खरेदीदाराचं वय 21 पूर्ण आहे का, हे तर आलंच.

मग तो परवाना जिथून निघाला तिथे विचारा. जिल्ह्यात हे काम जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे. खरेदीदाराने दिलेल्या मोबाइल नंबरावर "साहेबांशी बोला" असलं विचारणं नको, कार्यालयाचा नंबर तुम्ही स्वतः शोधा, जमलं तर पत्र लिहा. एवढं कशाला, असं वाटत असेल तर जम्मू-काश्मीरचं प्रकरण आठवा. 2012 ते 2016 या काळात तिथून निघालेल्या 2.78 लाख परवान्यांचा तपास सीबीआयकडे गेला. पैसे घेऊन बाहेरच्या माणसांना परवाने दिल्याचा आरोप होता. त्यात शिक्के खोटे असण्याचं कारणच नव्हतं, ते खऱ्या कार्यालयातले होते. म्हणजे कागद खरा आहे एवढ्यावर भागत नाही, तो अजून जिवंत आहे का, हेही विचारावं लागतं.

विचारलेलं खऱ्या माणसाला खुपत नाही, हा माझा अनुभव. ज्याने स्वतः परवान्यासाठी ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यात तो झेरॉक्स आधीच खिशात घेऊन येतो आणि तुमचाही परवाना पाहायला मागतो. मागितलाच पाहिजे. बंदूक चोरीची नाही, गुन्ह्यात अडकलेली नाही, तुमच्याच नावावर आहे, हे त्यालाही कळायला नको? जो म्हणतो "आपल्यात कागद कसला, मी तुमच्या अमक्याचा साडू", त्याच्यापासून जपून. नातं सांगणं हा आपल्याकडे परवान्याला पर्याय समजतात. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून "निम्मे पैसे पाठवा, कुरिअरने घरपोच" म्हणणाऱ्याविषयी तर लिहायचीही गरज नसावी. तो एकतर ठग आहे, नाहीतर गुन्हेगार, आणि दोन्हींत पैसे तुमचेच जाणार.

आता पंचेचाळीस दिवसांचं. या एका गोष्टीपायी बरेच व्यवहार बिघडतात. कलम 5 च्या दुसऱ्या पोटकलमाने खासगी माणसाला आपली बंदूक दुकानदारीचा परवाना नसतानाही विकता येते. मात्र आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचं, विकायचा इरादा आहे, आणि ज्याला विकायची त्याचं नाव-पत्ता हा. कळवल्यावर किमान 45 दिवस जाऊ द्यायचे. कायदा म्हणतो "कळवा". कार्यालयं वागतात परवानगी मागितल्यासारखी. पोलिसांचा अहवाल मागवतात, टिपण्या फिरतात, कधी पंचेचाळीसाचे नव्वद होतात. मी त्याच टेबलावर बसत होतो, तेव्हा यात माझाही हात आहे, नाकारत नाही. पण उशीर झाला म्हणून बंदूक आधीच देऊन टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पत्र दोन प्रतींत द्या. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून, तुमच्या मनातल्या तारखेपासून नाही. पत्रात खरेदीदाराचं नाव असतं, म्हणून गिऱ्हाईक बदललं तर पत्रही नवं आणि दिवसही पहिल्यापासून. या मधल्या काळात बंदूक तुमच्या घरी, तुमच्या कुलपात. खरेदीदाराला भीती असते की हा दुसऱ्याला देईल. तुम्हाला भीती की हा ऐन वेळी फिरेल. त्याला आपल्याकडे जुना तोडगा आहे, विसार. थोडी रक्कम बँकेतून घ्या आणि विसार पावतीवर स्वच्छ लिहा की परवानगी नाकारली गेली तर रक्कम परत, खरेदीदार फिरला तर किती कापणार, विकणारा फिरला तर काय. "दोन दिवस नेऊन बघतो, बार टाकून बघतो" याला मात्र नाही म्हणायचं. बंदूक पाहायची तर तुमच्या ओटीवर, नळी मोडून, दोन्ही घरं रिकामी दाखवून.

नंबराची एक गोष्ट सांगतो, कारण मी पाहिलेल्या व्यवहारांत घोळ बहुतेक वेळा इथेच होता.

निवृत्त प्राथमिक शिक्षक. दुनळी, विलायती, वडिलांच्या वेळची. त्यांच्या नावावर रीतसर झालेली. खरेदीदार वर चंदगडचा, ऊसवाला. दोघांची ओळख फक्त फोनवरची. दोघांचेही परवाने ठीक, पत्र दिलेलं, पोच घेतलेली. खातरजमेसाठी गुरुजी बंदूक घेऊन आले. खालची लाकडी पकड काढली, नळ्या वेगळ्या केल्या. जुन्या चांगल्या दुनळीवर नंबर सहसा तीन ठिकाणी असतो, नळ्यांच्या सपाट बुडाशी, मधल्या लोखंडी पेटीवर किंवा घोड्याच्या कडीवर, आणि पकडीच्या आतल्या लोखंडावर. तिन्ही जुळले तर ती एकाच जन्माची बंदूक. न जुळले तर कोणीतरी कधीतरी दुसरीच्या नळ्या बसवल्यात. इथे तिन्ही जुळत होते. जुळत नव्हता तो परवाना. बंदुकीवर शेवटून दुसरा आकडा 1, परवान्यावर 7.

भिंग आणलं. मेणबत्तीची काजळी बोटाने त्या जागेवर फिरवून पुसली की खोदलेल्या रेषेत काळं राहतं आणि आकडा उठून दिसतो, तेही केलं. इंग्रजांच्या एकाला डोक्यावर तिरपा फराटा असतो, तो कोणा कारकुनाने कधीकाळी सात वाचला आणि मग पन्नासएक वर्षं दर नूतनीकरणाला सातच उतरत आला. शिपाई डोकावून म्हणाला, "सायबानू, तो सात नाय, एक आसा." ते शिपायाला दिसलं, आणि माझ्याआधीच्या सगळ्या कारकुनांना, मलासुद्धा, दोन नूतनीकरणांत दिसलं नव्हतं.

आता करायचं काय? सोपा रस्ता सुचवणारे तिथेच दोघे होते. एक म्हणाला, विक्रीच्या कागदावर सातच लिहा, कोण बघतं. तसं केलं असतं तर चंदगडवाल्याच्या परवान्यावर जगात नसलेली बंदूक चढली असती आणि हातात बिननोंदीची. दुसरा म्हणाला, कानशीने जरा... त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. बंदुकीवरचा नंबर, नाव, खूण खोडणं, बदलणं, बनावट करणं हा कलम 8 खाली गुन्हा आहे, आणि खूण नसलेली बंदूक विकताही येत नाही. हौसेने घासून पॉलिश करणाऱ्यांनाही हे सांगून ठेवतो, गंज काढताना पॉलिश पेपर नंबराच्या जागी लावू नका. तेलाचा बोळा पुरे.

सरळ रस्ता लांबचा होता. आधी दुरुस्ती, मग विक्री. गुरुजींचा अर्ज, जुन्या नोंदवहीचा शोध, पोलिसांकडून प्रत्यक्ष पाहणी, दुरुस्तीचा आदेश. मग विक्रीचं पत्र नव्याने, बरोबर नंबर घालून. चंदगडवाला आंबोली घाटाने एसटीतून चार वेळा उतरला. तुम्ही एवढंच करा, गिऱ्हाईक शोधण्याआधी, घरी उजेडात बसून, बंदुकीवरचा नंबर एका कागदावर उतरवा, परवान्यावरचा दुसऱ्या कागदावर, आणि दोन्ही कागद घरातल्या शाळकरी पोराला ताडायला द्या. आपण जे लिहिलंय असं धरून वाचतो, पोरं जे दिसतंय ते वाचतात.

वारसाची बंदूक हा वेगळा घाट आहे. वडील वारले, त्यांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला. त्या दिवसापासून घरातली बंदूक कोणाच्याच नावावर नाही, आणि मुलगा ती "आमचीच" म्हणून विकू शकत नाही. कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. जमा केली म्हणजे गेली, ही समजूत चुकीची. ठरलेल्या मुदतीत वारसाला स्वतःचा परवाना काढून ती परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत टळली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या, वारशाने आल्या तरी दोनच. तेव्हापासून तिसरी बंदूक घेऊन फिरणारी बरीच जुनी घराणी बाजारात दिसली. अशा वेळी गिऱ्हाईक घाई करतं, कारण तुमची अडचण त्याला कळलेली असते. बंदूक विक्रेत्याकडे जमा ठेवून सावकाश विकलेली बरी. थोडं भाडं जाईल, भाव पडणार नाही.

बंदुकीच्या प्रकृतीबद्दल थोडंच सांगतो. विलायती दुनळीला अजून मान आहे, कारण 1980 च्या दशकाच्या मध्यानंतर बाहेरून बंदुका आणणं जवळजवळ बंदच झालं. पण जुन्या कित्येक बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंची असतं आणि आजची बरीच काडतुसं 70 मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन इंची. आत बसतात, उडतातही, पण तोंड उघडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो. आपल्या खडकीच्या कारखान्याची बारा बोअरची काडतुसं बहुतेकांच्या घरात असतात. खोक्यावरची लांबी वाचा आणि खरेदीदारालाही दाखवा. नळीवर नागमोडी वेल असेल, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ती नळी, तर ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली. शोभेला सुंदर, आजच्या काडतुसाला धोक्याची. दोष माहीत असेल तर विक्रीच्या कागदावरच लिहा. लपवलेला दोष इथे फक्त पैशाचा राहत नाही, बार टाकणाऱ्याची बोटं जातात.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याला हे सगळं सांगितलं तर तो हसला. तिथे एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांनी आपसात बंदूक विकली तर सरकारी कागद असा काही लागतच नाही. दुकानातून घेताना केंद्राचा छापील फॉर्म भरायचा, 1998 पासून चालू असलेल्या यंत्रणेत पार्श्वभूमी तपासून घ्यायची, हे दुकानदारावर बंधनकारक. खासगी विक्रीवर अनेक राज्यांत ते नाही, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत आहे. आणि गंमत अशी की कागद लागत नाही तिथे माणसं आपणहून कागद करतात. विकणारा ड्रायव्हिंग लायसन्स पाहायला मागतो, दोघांच्या सहीचा विक्रीचा कागद करतो, नंबर टिपून ठेवतो. काही खरेदीदार नाव लिहून द्यायला साफ नकार देतात, कारण बंदूकधारकांची यादी सरकारकडे जाईल या कल्पनेचाच त्यांना तिटकारा. राष्ट्रीय यादी करायला तिथे 1986 च्या कायद्यानेच बंदी आहे. मग दोन अनोळखी माणसं गाड्यांच्या तळावर उभी राहून एकमेकांना तोलत बसतात. भाच्यासारख्यांसाठी एक गोष्ट मात्र महत्त्वाची, एच-वन-बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला तिथे बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा चालू परवाना असण्यासारखे थोडेच अपवाद. ऑफिसातला गोरा मित्र खुशाल विकायला तयार होईल, त्याला हे माहीत नसेल. तुम्हाला असावं.

परत आपल्याकडे. दिवस भरले, आदेश हाती आला, म्हणजे हस्तांतराचा दिवस. जागा शक्यतो परवानाधारक विक्रेत्याचं दुकान किंवा ठाणं. विक्रीचा कागद तीन प्रतींत करा : तारीख आणि वेळ, बनावट, बोअर, नंबर आकड्यात आणि अक्षरात, दोघांचे परवाना क्रमांक, रक्कम आणि ती कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात गेली. वेळ लिहिणं लोकांना हास्यास्पद वाटतं. पण दुपारी तीननंतर जे झालं ते कोणाचं, हा प्रश्न कधी उभा राहिलाच तर ती एक ओळ कामाला येते. उरलेली काडतुसं सोबत "अशीच" देऊ नका. त्यांनाही तोच नियम लागू आहे, पत्रात त्यांची संख्या नसेल तर ती वेगळी जमा करा. खरेदीदाराच्या परवान्याची हद्द परत एकदा बघा. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस बंदूक गाडीत टाकून बांद्यावरून पत्रादेवीला गेला की तो गोव्यात विनापरवाना आहे, मग घर तिथून दहा मिनिटांवर का असेना. आणि बंदूक हाती आली म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक मिळाली असंही कोणी समजू नये. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा, त्याचा कागद वनखात्याकडे.

त्यानंतर तुमचा परवाना घेऊन आमच्या खिडकीवर या. बंदुकीच्या नोंदीवर लाल शाईने शेरा, खाली सही, शिक्का, तारीख. खरेदीदाराच्या परवान्यावर ती चढल्याची प्रतही मागून घ्या. कागद घरी फायलीत ठेवा, माळ्यावर नको.

गुरुजींचा शेरा मीच लिहिला. चंदगडवाला बंदूक कापडी गवसणीत घालून निघाला तेव्हा गुरुजी दारात अडखळले, पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबोडकं काहीतरी काढलं. नळी साफ करायचा गज, पितळी टोकाचा, आणि शिवणयंत्राच्या तेलाची अर्धी बाटली.

"याला लायसन लागत नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

नाही म्हणालो. मग त्यांनी तो चंदगडवाल्याला दिला, आणि दर पावसाळ्याआधी नळी कशी पुसायची ते सांगत दोघे एसटी स्टँडकडे चालत गेले.